आक्षेप येण्याआधी

ऑगस्ट १९३९मध्ये कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी ठराव केला, की जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी काउंटीच्या शाळांतून आणि ग्रंथालयांतून काढून टाकावी. कादंबरी बाहेर येऊन चारच महिने झाले होते. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातून उठवलेली जी कुटुंबं तिच्यात येतात, तशी कितीतरी कुटुंबं त्या वेळी याच काउंटीतल्या कापसाच्या आणि फळांच्या मळ्यांवर राबत होती. पुस्तक ज्यांच्याविषयी होतं, त्यांच्याच मुलखातून ते हद्दपार झालं. ग्रेचेन नीफ या तिथल्या काउंटी ग्रंथपाल. त्यांनी मंडळाला पत्र लिहून ठराव मागे घेण्याची विनंती केली. आज हे पुस्तक गेलं तर उद्या कोणत्या पुस्तकावर पाळी येईल, असं त्यांनी विचारलं. मंडळ बधलं नाही. तेव्हा नीफबाईंनी आपल्याकडच्या प्रती दुसऱ्या ग्रंथालयांना वापरायला देऊ केल्या. बंदी जानेवारी १९४१पर्यंत टिकली. मधल्या काळात कादंबरीला पुलित्झर पारितोषिकही मिळून गेलं होतं.

ही हकीकत सांगताना सगळे स्टाइनबेकविषयी बोलतात, फार तर नीफबाईंविषयी. मला त्या टेबलाभोवती बसलेल्या पाच जणांविषयी बोलायचं आहे. एखादं पुस्तक गावात राहणार की जाणार हे लेखक ठरवत नाही, प्रकाशक ठरवत नाही आणि बहुतेक वेळा न्यायालयही ठरवत नाही. संध्याकाळच्या एका सभेत, दिवसभराची कामं उरकून आलेली पाच-सात-नऊ माणसं हात वर करून ते ठरवतात. या माणसांसाठी आजवर मराठीत फारसं काही लिहिलं गेलेलं नाही. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. अमेरिकेत राहणारी जी मराठी माणसं आपल्या गावच्या ग्रंथालय मंडळावर बसतात किंवा मंडळाच्या सभेला जाऊन बोलतात, त्यांना ती थेट उपयोगी पडेल. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना ती कशी लागू पडते, ते पुढे सांगतो.

आधी हे मंडळ काय असतं ते पाहू. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं मुख्यतः स्थानिक करांवर चालतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर नागरिकांचं एक विश्वस्त मंडळ असतं. कुठे ते महापौर किंवा काउंटी नेमते, कुठे लोक मत देऊन निवडतात. विश्वस्तांना सहसा मानधन नसतं. अंदाजपत्रक मंजूर करणं, धोरण ठरवणं, संचालकाची नेमणूक करणं आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणं ही त्यांची कामं. पुस्तकं निवडणं हे त्यांचं काम नव्हे. ते शिक्षण घेतलेल्या ग्रंथपालांचं. काही ठिकाणी मंडळाला केवळ सल्ल्याचा अधिकार असतो आणि अंतिम शब्द काउंटीचा किंवा शहराचा. आपण यांतल्या कोणत्या प्रकारच्या मंडळावर आहोत हे कित्येक विश्वस्तांना वाद पेटेपर्यंत माहीत नसतं. आणखी एक गोष्ट नव्या विश्वस्ताच्या लक्षात येत नाही. त्याचा अधिकार सभेत, गणपूर्ती असताना, मंडळाचा एक भाग म्हणूनच असतो. किराणा दुकानात कुणी अडवून ‘ते पुस्तक काढा’ म्हटलं, तर तिथे ‘बघतो’ असं म्हणण्याचासुद्धा अधिकार त्याला नसतो. त्या ‘बघतो’मधून पुढे किती गुंते होतात, याला या पुस्तिकेतलं एक अख्खं प्रकरण दिलं आहे, आणि ते योग्यच आहे.

मंडळ खंबीर असलं की सगळं निभावतं, असंही नाही. ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल या तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या गावात रूथ ब्राउन तीस वर्षं ग्रंथपाल होत्या. फेब्रुवारी १९५०मध्ये दोन कृष्णवर्णीय शिक्षिकांना बरोबर घेऊन त्या गावातल्या एका दुकानाच्या उपाहारगृहात गेल्या आणि त्यांनी खायला मागितलं. ते त्यांना मिळालं नाही. थोड्याच दिवसांत गावातली काही मंडळी तक्रार घेऊन आली. तक्रारीत त्या शिक्षिकांचा उल्लेख नव्हता, होता तो ‘द नेशन’, ‘द न्यू रिपब्लिक’ यांसारख्या नियतकालिकांचा. ही नियतकालिकं देशविघातक आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रंथालय मंडळाने चौकशी केली, त्यात काही वावगं आढळलं नाही आणि मंडळ ब्राउनबाईंच्या पाठीशी उभं राहिलं. मग नगर आयोगाने नियमच बदलला, जुनं मंडळ बरखास्त केलं आणि जुलैमध्ये ब्राउनबाईंना काढून टाकलं.

ही घटना मला फार महत्त्वाची वाटते, दोन कारणांसाठी. एक, पुस्तकावरचा आक्षेप हा पुष्कळदा पुस्तकावरचा नसतोच. तो माणसांवरचा असतो आणि पुस्तक हे निमित्त असतं. दुसरं कारण मंडळाच्या कामाशी जवळचं आहे. जुनं मंडळ हरलं, पण त्याने केलेली चौकशी आणि दिलेला निष्कर्ष कागदावर राहिला. पुढे अभ्यासकांनी या प्रकरणाची संगती लावली ती अशा कागदांवरूनच. आज रूथ ब्राउन यांचं नाव अमेरिकेतल्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

मंडळांच्या हाताशी आणखी एक कागद आधीपासून होता. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने ग्रंथालयांच्या हक्कांची सनद स्वीकारली ती १९३९च्या जूनमध्ये, म्हणजे कर्न काउंटीच्या ठरावाच्या दोनच महिने आधी. तिचा मूळ मसुदा आदल्या वर्षी आयोवातल्या डे मॉइन शहराचे ग्रंथपाल फॉरेस्ट स्पॉल्डिंग यांनी आपल्या ग्रंथालयापुरता तयार केला होता. युरोपात तेव्हा पुस्तकांच्या होळ्या होऊन गेल्या होत्या. १९६७मध्ये संघटनेने बौद्धिक स्वातंत्र्यासाठी वेगळं कार्यालय काढलं. ज्युडिथ क्रुग यांनी ते चार दशकं सांभाळलं आणि १९८२मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ‘बंदी घातलेल्या पुस्तकांचा सप्ताह’ सुरू झाला. सनदेला कायद्याचं बळ नाही. एखाद्या मंडळाने ती ठराव करून आपली मानली, तरच ती त्या ग्रंथालयाची होते. इलिनॉय राज्याने १ जानेवारी २०२४पासून एक कायदा लागू केला. ही सनद किंवा तशा अर्थाचं लेखी निवेदन न स्वीकारणाऱ्या ग्रंथालयांना राज्याचं अनुदान मिळणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. डिसेंबर २०२४मध्ये न्यू जर्सीच्या राज्यपालांनी वाचनस्वातंत्र्याच्या कायद्यावर प्रिन्स्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात सही केली. पुनर्विचाराची लेखी पद्धत असणं त्यात बंधनकारक आहे. एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो इथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी हा कायदा मुळातून वाचावा.

गेल्या काही वर्षांत आक्षेपांचं रूप बदललं आहे. पूर्वी एखादी आई किंवा एखादे आजोबा हातात पुस्तक घेऊन ग्रंथपालाकडे येत. आता यादी येते. ग्रंथालय संघटनेच्या नोंदीनुसार २०२३मध्ये ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. त्याआधी एका वर्षात एवढी संख्या कधीच नोंदली गेली नव्हती. २०२४मध्ये ८२१ प्रयत्न आणि २,४५२ पुस्तकं अशी नोंद आहे. त्या वर्षीच्या प्रयत्नांपैकी ७२ टक्के दबावगट, लोकप्रतिनिधी, मंडळांचे सदस्य आणि प्रशासक यांच्याकडून आले, तर पालकांकडून आले अवघे १६ टक्के. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०२१-२२ या वर्षातल्या शाळांमधल्या हजाराहून अधिक तक्रारी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त तक्रारी फक्त अकरा जणांनी केल्याचं दिसलं. लक्ष्य होणारी पुस्तकं बहुतेक दोनच प्रकारची असतात. एक, समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या आयुष्याविषयीची, दुसरी, वर्णद्वेषाविषयीची.

इथे टेक्सासमधल्या लानो काउंटीपाशी थोडं थांबावं लागेल, कारण तिथे मराठी वाचकाचा थेट संबंध येतो. लानो हा जेमतेम वीस-बावीस हजार वस्तीचा परगणा. २०२१मध्ये काही रहिवाशांच्या तक्रारीवरून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून सतरा पुस्तकं काढली गेली. त्यांत मॉरिस सेंडाक यांचं लहान मुलांचं चित्रमय ‘इन द नाइट किचन’ होतं, कु क्लक्स क्लॅनचा इतिहास सांगणारं पुस्तक होतं आणि इझाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ होतं. अमेरिकेतला वर्णभेद जातिव्यवस्थेच्या चौकटीतून पाहणारं हे पुस्तक २०२०मध्ये आलं आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार येतो. पुस्तकांसाठी म्हणून दादरला राजगृह बांधणाऱ्या माणसाच्या विचाराची दखल घेणारं पुस्तक टेक्सासमधल्या एका ग्रंथालयातून गेलं, हे मराठी वाचकाने माहीत करून घ्यावं. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या दास्यविमोचकांना अर्पण केली, तेव्हापासून हे नातं आहे.

लानोत पुढे जे झालं, त्यात मंडळ कसं मोडतं ते पायरी-पायरीने दिसतं. ई-पुस्तकांतून निवडक पुस्तकं वगळता येईनात, तेव्हा ती सेवाच बंद झाली. जानेवारी २०२२मध्ये काउंटीच्या आयुक्तांनी जुनं ग्रंथालय मंडळ बरखास्त करून नवं सल्लागार मंडळ नेमलं, त्यात पुस्तकं काढावीत म्हणणारे लोक घेतले आणि त्याच्या सभा जनतेला बंद केल्या. किंग्जलंड शाखेच्या ग्रंथपाल सुझेट बेकर यांनी पुस्तकं काढायला नकार दिला. मार्चमध्ये त्यांची नोकरी गेली. एप्रिलमध्ये सात रहिवासी न्यायालयात गेले. मार्च २०२३मध्ये संघीय न्यायाधीशांनी पुस्तकं परत ठेवण्याचा हुकूम दिला, तर आयुक्तांनी ग्रंथालयंच बंद करावीत का, असा विषय सभेपुढे घेतला. लोकांनी गर्दी करून विरोध केला आणि तो विचार बारगळला. मे २०२५मध्ये मात्र पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने दहा विरुद्ध सात मतांनी काउंटीच्या बाजूने निकाल दिला: ग्रंथालयातून पुस्तक काढल्याने वाचकाच्या घटनात्मक हक्काचा भंग होत नाही, त्याला ते विकत घेता येतं किंवा मित्राकडून आणता येतं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आज हा निकाल लागू आहे.

या निकालाने मी अस्वस्थ झालो. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलासाठीच तर सार्वजनिक ग्रंथालय काढलेलं असतं. पण मंडळाच्या सदस्यांनी त्यातून एक व्यावहारिक गोष्ट ओळखायला हवी. न्यायालय आपलं पुस्तक वाचवील या भरवशावर आता राहता येणार नाही. १९८२च्या पिको खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या काही न्यायमूर्तींनी शाळा मंडळांना केवळ न पटलेल्या विचारांसाठी पुस्तकं काढता येणार नाहीत असं म्हटलं होतं. पण त्या मताला तेव्हाही स्पष्ट बहुमत नव्हतं. उरतं ते मंडळाचं स्वतःचं धोरण.

लानोच्या बाजूने एक युक्तिवाद असा केला गेला, की ही तर नेहमीची पुस्तकं बाद करण्याची प्रक्रिया होती. जुनी, फाटलेली, कालबाह्य पुस्तकं बाद करणं हे प्रत्येक ग्रंथालयाला करावंच लागतं. त्याची जी पद्धत अमेरिकाभर वापरली जाते, ती टेक्सासच्याच राज्य ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतली आहे. तिच्यात पुस्तकाची अवस्था, माहितीची अचूकता, शेवटचं कधी नेलं गेलं असे निकष आहेत. मजकूर कुणाला आवडला नाही हा निकष नाही. म्हणून या पुस्तिकेत आग्रह धरला आहे, की बाद करण्याचं धोरण आणि आक्षेपांचं धोरण ही दोन वेगळी कागदपत्रं असावीत आणि आक्षेपाखाली असलेलं पुस्तक त्या काळात बाद यादीत घालू नये. ‘बाद’ या शिक्क्याखाली कुठलंही पुस्तक मुकाट्याने नाहीसं करता येतं.

ठाम राहण्याची किंमतही मोजावी लागते. वायोमिंगमधल्या जिलेट शहरात ग्रंथालयाच्या संचालक टेरी लेस्ली यांनी मुलांच्या आणि किशोरांच्या विभागातली पुस्तकं हलवायला नकार दिला. मंडळातले सदस्य बदलत गेले आणि जुलै २०२३मध्ये लेस्ली यांना काढलं. २०२५मध्ये त्यांच्याशी तडजोड करताना काउंटीला ७ लाख डॉलर मोजावे लागले. मिशिगनमधल्या जेम्सटाउन टाउनशिपमध्ये वेगळंच घडलं. तिथल्या पॅटमॉस ग्रंथालयाच्या मंडळाने काही पुस्तकं काढायला नकार दिला, म्हणून मतदारांनी ऑगस्ट २०२२मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये ग्रंथालयाचा कर नामंजूर केला. ग्रंथालयाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग त्या करातून यायचा. देशभरातून देणग्या आल्या आणि ग्रंथालय तगलं. नोव्हेंबर २०२३मध्ये तिसऱ्या मतदानात कर मंजूर झाला. त्या सव्वा वर्षात तिथल्या ग्रंथपालांना काय सोसावं लागलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता धोरणाविषयी. पुस्तिकेचा गाभा तोच आहे. वाद पेटल्यावर लिहिलेलं धोरण कुणालाच निःपक्षपाती वाटत नाही, कारण ते त्या एका पुस्तकासाठी किंवा त्या एका पुस्तकाविरुद्ध लिहिलं आहे असं वाटतं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून ते आक्षेप येण्याआधी, शांत सभेत, वकिलाला दाखवून, ठरावाने मंजूर झालेलं असायला हवं. त्यात आधी पुस्तकनिवडीचे निकष हवेत: निवड कोण करतं, कशाच्या आधारावर करतं, आणि ग्रंथालयात पुस्तक असणं म्हणजे त्यातल्या मताशी ग्रंथालय सहमत असणं नव्हे, हे वाक्य स्पष्ट शब्दांत. मग पुनर्विचाराची पद्धत.

पुनर्विचाराच्या अर्जात विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. तुम्ही या ग्रंथालयाच्या क्षेत्रात राहता का? पुस्तक पूर्ण वाचलंत का? आक्षेप कशावर आहे? ग्रंथालयाने काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? यांतल्या दुसऱ्या प्रश्नावर पुष्कळ वाद होतात. पूर्ण वाचण्याची सक्ती केली तर तक्रार करायला येणारा माणूस बिचकेल, असं काही विश्वस्तांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. अर्जदाराने वाचलं नसेल तरी अर्ज घ्यावा, त्याला परत पाठवू नये. पण ज्या समितीने निर्णय द्यायचा तिने मात्र पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे, त्याला सवलत नाही. सभेत एकच उतारा मोठ्याने वाचून दाखवला जातो आणि सगळा निर्णय त्या उताऱ्यावर फिरतो, असं वारंवार घडलं आहे. न्यू यॉर्कमधल्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाने तर ही पद्धतच उलटी केली होती. १९७५मध्ये मंडळाचे काही सदस्य एका परिषदेतून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी घेऊन आले, मग समिती नेमली. समितीने काही पुस्तकं ठेवावीत असं सांगितल्यावरही मंडळाने ती शिफारस बाजूला सारली. पिको खटला उभा राहिला तो याच प्रकरणातून. स्वतःची पद्धत स्वतःच मोडणारं मंडळ न्यायालयातही अडचणीत येतं आणि गावातही.

निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहिलं पाहिजे. वाचकांना ते नेता आलं पाहिजे. हे एक कलम पाळलं, तर निम्मे आक्षेप आपोआप शांत होतात, असं अनुभवी ग्रंथपाल सांगतात, कारण ‘तोवर जरा बाजूला ठेवा’ याच सोयीसाठी पुष्कळ तक्रारी केल्या जातात. ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर, त्यावर मंडळाकडे अपील, मंडळाचा निर्णय अंतिम, आणि त्याच पुस्तकावर पुढची काही वर्षं पुन्हा अर्ज नाही. सभेत बोलणाऱ्या प्रत्येकाला सारखाच वेळ, मग तो नगरसेवक असो की बारावीतली मुलगी. तिथल्या तिथे उत्तर द्यायला मंडळ बांधलेलं नाही. ऐकून घ्यायला मात्र बांधलेलं आहे. वृत्तपत्रांशी एकाच माणसाने बोलावं. आणि कोणतं पुस्तक कुणी नेलं होतं याची नोंद कुणालाही दाखवायची नाही, मंडळाच्या सदस्यालासुद्धा नाही.

आक्षेप घेणाऱ्या माणसाविषयी या पुस्तिकेची भूमिका मला विशेष आवडली. यादी घेऊन येणारा दबावगट वेगळा. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या दप्तरात एखादं पुस्तक पाहून घाबरलेली आई तुमची वैरी नव्हे. तिची भीती खरी असते. तिला बसवून, पुस्तक कोणत्या वयासाठी आहे, ते का घेतलं, तिच्या मुलासाठी दुसरं काय सुचवता येईल हे ग्रंथपालाने सांगितलं, तर बहुतेक वेळा प्रकरण अर्जापर्यंत येतच नाही. स्वतःच्या मुलाने काय वाचावं हे ठरवण्याचा तिला अधिकार आहेच. शेजारणीच्या मुलाचं ठरवण्याचा नाही. ही सीमा मंडळाने तिला नम्रपणे पण न डळमळता समजावून सांगायची असते.

सगळ्यात कमी दिसणारी काटछाट मात्र अर्जाविना होते. वाद नको म्हणून ग्रंथपाल एखादं पुस्तक मागवतच नाही. मंडळाने काही म्हटलेलं नसतं. पण मागच्या वेळी अध्यक्षांचा चेहरा कसा झाला होता ते त्याला आठवतं. अशा न घेतलेल्या पुस्तकाची कुठेच नोंद होत नाही. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: ‘धोरणानुसार घेतलेल्या कोणत्याही पुस्तकासाठी ग्रंथपालावर कारवाई होणार नाही’ असं मंडळाने लेखी द्यावं आणि वर्षातून एकदा खरेदीची यादी पाहताना काय घेतलं यासोबत काय घ्यायचं राहिलं हेही विचारावं.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातली सार्वजनिक ग्रंथालयं १९६७च्या अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान घेतात, पण चालवतात ती नोंदणीकृत संस्थांची कार्यकारी मंडळं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८पासूनचं आहे. म्हणजे पुस्तकांभोवती जमून सभा घेण्याची आपली सवय जुनी आहे. अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल, वार्षिक सर्वसाधारण सभा हे सगळं आहे. पुस्तकनिवडीचं लेखी धोरण आणि आक्षेपाचा अर्ज मात्र फार थोड्या ठिकाणी सापडतो. आपल्याकडे आक्षेप अर्जावर येत नाही, हे त्याचं एक कारण. तो फोनवर येतो, नाहीतर घोळक्याने येतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकावरचा तो राग होता. पुस्तक संस्थेने लिहिलेलं नव्हतं, छापलेलंही नव्हतं. लेखकाने तिथे अभ्यास केला होता, एवढाच संबंध. पुस्तकं फाडली गेली, जुन्या वस्तूंची मोडतोड झाली. सरकारने पुस्तक जप्त करण्याचा आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि जुलै २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जमावाने जे फाडलं, ते कोणत्याच निकालाने भरून येणारं नव्हतं.

आपल्या राज्यघटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याला वाजवी निर्बंधांची जोड आहे आणि पुस्तक जप्त करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८खाली. पण त्यासाठी कारणं देणारी रीतसर अधिसूचना लागते आणि तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. म्हणून एखाद्या संघटनेच्या लेटरहेडवर ‘हे पुस्तक हटवा’ असं आलं, तर कार्यवाहांचा पहिला प्रश्न ‘अधिसूचना आहे का?’ हाच असायला हवा. नसेल, तर तो एका नागरिकाचा अर्ज आहे, आणि त्याला इतर अर्जांसारखीच पद्धत लागू. धमकी असेल, तर ती पोलिसांकडे लेखी द्यायची. ‘र. धों. कर्व्यांच्या देशात’ असं अभिमानाने म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं, की ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकासाठी त्यांना न्यायालयात खेचलं गेलं तेव्हा १९३४मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. ‘रंभा’च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरचा खटला तर १९६२च्या अंकापासून १९६९पर्यंत चालला आणि तिचे लेखक चंद्रकांत काकोडकर शेवटी सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. सात वर्षं एका कथेसाठी. छोट्या तालुक्याच्या वाचनालयाला एवढी ताकद नसते. त्याला हवं असतं चार पानी धोरण आणि सह्या करणारे सात-आठ सदस्य.

पुस्तिकेच्या शेवटी तीन नमुने जोडले आहेत: पुस्तकनिवडीचं धोरण, पुनर्विचाराचा अर्ज आणि अर्जदाराला द्यायचं उत्तर. पहिल्यात इलिनॉय आणि न्यू जर्सीच्या कायद्यांना धरून एक मसुदा आहे आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत संस्थांसाठी दुसरा; दोन्ही आपापल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वकिलाकडून तपासून घ्यावेत. तिसरा नमुना आवर्जून वाचावा. नकार कळवतानाही अर्जदाराचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत मांडलं आहे, समितीने पुस्तक पूर्ण वाचल्याचं नमूद केलं आहे, निर्णयाची कारणं दिली आहेत आणि अपिलाची मुदत सांगितली आहे. हे सगळं एका पानात बसतं. आपल्या मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर धोरणाचा हा विषय ‘आयत्या वेळच्या विषयांत’ न घालता स्वतंत्र क्रमांक देऊन ठेवावा, आणि त्या सभेला ग्रंथपालाला बोलवायला विसरू नये.